लिहीमधल्या चार ओळी

सालेकसाचं तिकीट काढून मी दोनदा आमगावलाच उतरलो आहे. दोन्ही वेळा स्टेशनबाहेर चहा घेतला, उलटी गाडी धरली आणि गोंदियाला परत आलो. घरी विचारलं तर म्हणालो, आमगावला काम होतं. आमगावला माझं काहीही काम नव्हतं. काम पुढे सालेकसाला होतं, आणि ते दोन-तीन वाक्यांचं होतं.

ती वाक्यं मी पस्तीसेक वर्षं टाळली. जुन्या दिवसांच्या गोष्टी मी खूप सांगतो, पण सांगताना तेवढा भाग गाळतो. ऐकणाऱ्याला कळत नाही, मला कळतं. आता वय सत्याहत्तर आहे. गाळलेलं भरून काढायचं तर आत्ताच.

तेव्हा आमचा जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला नव्हता. गोंदियात कॉम्प्युटर बघायला आलेली माणसं चपला बाहेर काढून आत येत. एका राइस मिलच्या मागे दोन खोल्यांत माझं ऑफिस होतं. दोन मशीन, एक कर्कश प्रिंटर, आणि खिडकीतून दिवसभर येणारा उकडलेल्या धानाचा वास. त्याच सुमाराला गावातल्या एका डॉक्टरांनी जंगलपट्ट्यातल्या गावांची सिकलसेल तपासणी मनावर घेतली. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घ्यायचं; कुणाला आजार आहे, कुणाच्या रक्तात तो नुसता दडून बसला आहे ते पाहायचं; आणि प्रत्येकाला कार्ड द्यायचं. नवरा-बायको दोघांच्याही रक्तात तो दडलेला असेल तर मुलांना होऊ शकतो. म्हणून सोयरीक जुळवण्याआधी कार्डं बघा, असं डॉक्टर गावोगाव सांगत फिरायचे. या तपासणीच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

मदतीला मी एक मुलगी घेतली. मुलगी म्हणतो, पण चोवीस वर्षांची होती. कचारगडच्या डोंगराखालच्या गावातली, घरात गोंडी बोलणारी. डिप्लोमा करून ती पहिल्यांदाच नोकरीला लागली होती. तपासणीच्या जीपवाल्याशी हिंदी, माझ्याशी मराठी, आणि मशीनशी कुठल्या भाषेत ते मला कधी कळलं नाही. ओठ हलायचे तेवढे दिसायचे.

पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "असेम्ब्ली येते का?"

"वाचता येते सर. लिहून नाही पाहिली."

"का नाही?"

"लिहाले मशीन कोणी देल्लंच नाही." मग म्हणाली, "तुमचं मशीन खाली दिसून राहिलं म्हणून विचारते, आता बसू का?"

बसली ती बसलीच.

आमच्या मशीनला हार्ड डिस्क नव्हती, मेमरी थोडी. म्हणून प्रोग्राम असेम्ब्लीत, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत लिहायचा होता. त्या भाषेत साधी फाइल उघडायची तरी ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारावी लागते. काम कोणतं, कुठल्या फाइलवर, किती अक्षरं, हे सगळं ठरलेल्या खणांत भरायचं आणि मग तिला बोलवायचं. ती काम करते आणि त्याच खणांत उत्तर ठेवून परत जाते. दर वेळी तेच पाच-सात ओळींचं भरणं. ते टाळायला मॅक्रो असतो. त्या ओळी एकदाच लिहून त्यांना नाव द्यायचं. पुढे नुसतं नाव लिहिलं की त्या जागी सगळ्या ओळी आपोआप येऊन बसतात.

आमचे मॅक्रो तिने लिहिले. मी हे नेहमी 'आम्ही लिहिले' असं सांगत आलो. तिने लिहिले. नावं मराठीत ठेवायची कल्पनाही तिचीच. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी: उघड, वाच, लिही, मिट. मी हसलो तर म्हणाली, "काऊन हसून राहिले सर? ते समजाले काय इंग्रज लागते?"

कामाच्या मधे आम्ही गावच्या गोष्टी करायचो. आमच्या घराण्याने गावचा तलाव बांधला होता. त्या तलावाचं पाणी धानाला सोडायची रीत मी तिला एकदा सांगितली. एक माणूस पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पाण्याच्या तोंडाशी. दुसरा अगदी शेवटच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेवटच्या तुकड्यात. पाळीवरचा तोंड उघडतो आणि जोरात हाक देतो. शेवटच्या बांधीतल्याने नुसतं 'आलं' म्हणून चालत नाही, किती आलं ते सांगायचं. "घोट्याभर!" किंवा "बोटभरच!" बोटभर म्हणाला तर वाटेत कुठेतरी पाट फुटलाय किंवा उंदराने बीळ पाडलंय. 'किती' ऐकल्याशिवाय पाळीवरच्याने खाली उतरायचं नाही. आमच्याकडे निष्काळजी माणसाला अजून म्हणतात, हा तर न ऐकता पाळीवरून उतरला.

तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी 'लिही'मध्ये चार ओळी वाढल्या होत्या.

"हे काय?"

"तुमचा शेवटच्या बांधीतला माणूस."

मग तिने मॅन्युअल उघडून दाखवलं. पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. फाइलच चुकीची असेल, हात घालायची परवानगी नसेल, तर सिस्टिम चूक झाल्याचा झेंडा वर करते. तो झेंडा बघणं आमच्या मॅक्रोत होतंच. पण फ्लॉपी भरली असेल तर झेंडा वर होत नाही. जागा असेल तेवढी अक्षरं लिहिते, आणि किती लिहिली तो आकडा खणात ठेवून निघून जाते.

"खोटं नाही बोलत ते," ती म्हणाली. "फक्त विचारल्याबिगर सांगत नाही. म्हणून विचारून घेऊ, किती?"

त्या चार ओळी एवढंच करायच्या. लिहायला सांगितलेली आणि खरोखर लिहिलेली अक्षरं सारखी नसली तर काम थांबवून पडद्यावर आणायच्या: जागा संपली, दुसरी फ्लॉपी लावा. पहिल्या महिन्यात तो निरोप दोन-तीनदा आला. ती उठायची, फ्लॉपी बदलायची, आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "बोटभरच आलं सर." मी म्हणायचो, "मग उतरू नको पाळीवरून." इतका साधा विनोद, पण आम्हाला दर वेळी हसू यायचं.

मला त्या दुपारी फार आठवतात. त्यानंतर मी मोठ्या मशीनवर कामं केली, नागपूरला राहिलो, हाताखाली माणसं होती. पण दोघांनी मिळून एका पडद्याकडे बघावं आणि एकाने बोट ठेवण्याआधी दुसऱ्याला चूक दिसावी, हे पुन्हा झालं नाही. ती जेवायला बसली की जांभळाच्या दिवसांत कागदात बांधलेली जांभळं काढायची, जिभा जांभळ्या व्हायच्या आणि डॉक्टर आले की आम्ही तोंड मिटून माना हलवायचो. आता मी बिरसी विमानतळाच्या वाटेवर मुलाकडे राहतो. शिकाऊ पायलटांची विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात. कानावर तो एकसुरी आवाज पडला की मला त्या प्रिंटरचा आवाज आठवतो, आणि त्याच्यावरून ओरडून बोलणारी ती.

तर त्या चार ओळी मी काढल्या.

डॉक्टरांना गाववार यादी हवी होती, सुंदर मथळ्यांसकट, पाहुण्यांना दाखवायला. ती बसवायला प्रोग्राममध्ये जागा नव्हती. आमच्या प्रकारच्या प्रोग्रामला ठराविक माप होतं, त्यापुढे तो चालतच नसे. आणि मॅक्रोचं असं असतं की नाव जितक्या ठिकाणी लिहाल तितक्या ठिकाणी त्याच्या सगळ्या ओळी बसतात. 'लिही' शंभरेक ठिकाणी होता. तिथून चार ओळी काढल्या की यादीपुरती जागा होत होती. ती दोन दिवस सुटीवर होती. मला वाटलं, झेंडा बघतोच आहोत, फ्लॉपी भरली तर झेंडा वर होईलच. तिने पेन्सिलीने रेघ मारलेलं पान मी उघडलं नाही. ते मला माहीत आहे असं मला वाटलं. यादी झाली. डॉक्टरांनी पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. ती परत आली तेव्हा 'लिही'बद्दल सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी इतकी वर्षं म्हणतो. खरं म्हणजे सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि ते मला नको होतं.

पुढच्याच आठवड्यात कचारगडखालच्या दोन गावांचं रक्त आलं. त्यातलं एक तिचं गाव. लोक सुईला घाबरत होते; ती स्वतः आधी दोन दिवस गावात जाऊन राहिली, घरोघरी फिरली, पहिली सुई स्वतःच्या बोटाला टोचून घेतली. म्हणून लोक आले. आमच्याकडे शेजारच्या खोलीत रक्त तपासणारा मोठ्याने निकाल वाचायचा आणि ती टाइप करायची. आधी चिठ्ठ्या असायच्या, पण एकदा ओल लागून त्यांची सरमिसळ झाली, म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठ्या बंद करून निकाल थेट मशीनवर घ्यायला लावले होते. तिने दोन्ही गावं टाइप केली. कुठलाही निरोप आला नाही. पहिल्या महिन्यात फ्लॉपी भरली की मशीन सांगायचं. आता सांगितलं नाही, म्हणजे जागा आहे, असं तिने समजावं यात तिची काय चूक?

कार्डं छापायला घेतली तेव्हा दोन्ही गावांच्या फाइली रिकाम्या निघाल्या. रक्ताचे नमुने तोवर टाकून दिले होते.

त्या सकाळी खोलीत आम्ही तिघं होतो. डॉक्टर उभे होते.

"दोन गावं कोरी? कसं झालं हे?"

मला तेव्हाच कळलं कसं झालं ते. क्षणात कळलं. मी म्हणालो, "फ्लॉपी भरली होती. बदलायला हवी होती."

फ्लॉपी बदलायचं काम कोणाचं हे डॉक्टरांना माहीत होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. कोडं सुटत नसल्यासारखी.

"सर, 'लिही'मध्ये तुम्ही काही बदललं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

हा तो शब्द. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

दुपारी जेवणाच्या वेळी ती गोंदियातल्या तिच्या खोलीवर गेली. एरवी ती ऑफिसातच जेवायची. त्या दिवशी म्हणाली, भूक नाही, जरा पडते. मी दार ओढून घेतलं आणि त्या चार ओळी होत्या तिथे परत घातल्या. जागेसाठी यादीचे सुंदर मथळे काढून टाकले. डॉक्टरांनी मथळ्यांबद्दल कधी विचारलंही नाही.

ती परत आली आणि मॅक्रोंची सगळी यादी कागदावर छापून घेतली. चार दिवस ओळीवर बोट ठेवून वाचत बसली. चुकीची जागा मी दुरुस्त करून ठेवली होती. तिला काय सापडणार होतं?

चौथ्या दिवशी म्हणाली, "सगळं तर बरोबर दिसून राहिलं सर. म्हणजे माझ्याच हातून कुठेतरी झालं."

मी म्हणालो, "होतं असं." समजूत घालण्याच्या आवाजात म्हणालो.

पुन्हा रक्त घ्यायला जीप गेली तेव्हा मीही सोबत गेलो. तिनेच मला यायला सांगितलं होतं. वाटेत जीपवाला म्हणाला, "मॅडम, आपकी मशीन तो पूरे गाँव का खून पी गई." चिडवायचा त्याचा स्वभाव होता. एरवी तिने त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी सोडलं.

गावात मोहाच्या झाडाखाली माणसं जमली. आपसात गोंडीत बोलत होती, ते मला कळत नव्हतं. मग तिचे मोठे बाबा, वडिलांचे थोरले भाऊ, माझ्याकडे वळून मला समजेल असं बोलले.

"एकडाव देल्लं ना रगत? मंग पुन्हा कायले?"

मी तोंड उघडणार होतो असं मला आठवतं. आठवण सोयीची असते, म्हणून खात्री देत नाही.

ती मधे बोलली. आधी गोंडीत, मग माझ्यासाठी, डॉक्टरांच्या माणसांसाठी मराठीत. "मोठे बाबा, मशीनचं काही नाही. सरांचंही नाही. चुकी माझी झाली. मी बरोबर लिहून नाही ठेवलं."

म्हातारा तिच्याकडे वळला. "तुह्या भरोशावर देल्लं होतं आम्ही, बाई," एवढंच म्हणाला आणि उठला. त्याच्यामागे निम्मी माणसं उठली. उरलेल्यांनी बोटं पुढे केली. तिने स्वतःचंही केलं, पुन्हा पहिलं.

उठून गेलेल्यांची कार्डं कधीच झाली नाहीत. पुढे त्या गावात ज्या मुलांना आजाराने त्रास झाला असेल, त्यातल्या किती जणांचे आईबाप त्या दिवशी उठून गेले होते, हे मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचं धैर्यही झालं नाही.

महिन्याभरात तिने काम सोडलं. आश्रमशाळेत गणित शिकवायला लागली. जाताना म्हणाली, "पोरांची चुकी झाली तर वहीत दिसते तरी." मी तिला थांबवलं नाही. तिच्या खुर्चीवर नंतर बरीच माणसं बसली. मॅक्रो तिचेच चालत राहिले, कित्येक वर्षं, दुसऱ्या कामांतही. नव्या माणसाने 'लिही' बघून विचारलं की हे इतकं चोख कोणी लिहिलं, तर मी म्हणायचो, इथेच तयार झालं.

तीन वर्षांपूर्वी माघात मी कचारगडच्या गुहेपाशी भरणाऱ्या गोंडांच्या यात्रेला गेलो. ती येणार हे ठाऊक होतं म्हणूनच गेलो. गुहेच्या वाटेवर ती यात्रेकरूंना पाणी देत उभी होती. केस पांढरे, चष्मा, पण ओठ तसेच हलत होते. मला बघितलं आणि हातातला तांब्या शेजारणीकडे दिला.

"सर! किती बारीक झाले तुम्ही. खाऊन नाही राहिले का?"

"तुम्ही कशा आहात?"

ती हसायला लागली. "आता मले तुम्ही कायले म्हणता?"

सालेकसाला तिच्या घरी घेऊन गेली. नुकतीच निवृत्त झाली होती. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. एक मुलगी होती, ती चहा ठेवायला आत गेली. आम्ही अंगणात बसलो. जुन्या गोष्टी निघाल्या, जांभळं, प्रिंटर, बोटभर पाणी. मला वाटलं, आता सांगावं. हीच वेळ.

तेवढ्यात ती उठली आणि आतून एक गठ्ठा घेऊन आली. कडेला भोकं असलेला, पिवळा पडलेला प्रिंटरचा लांब कागद. मॅक्रोंची ती यादी. घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेल्या. 'लिही'च्या आसपास पेन्सिलीच्या, पेनच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या खुणा.

"सुट्ट्यांत काढत होते मी हे," ती म्हणाली, जराशी लाजत. "शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावर टाकूनही पाहिलं. फ्लॉपी मुद्दाम भरून पाहिली. दर वेळी बरोबर थांबते सर. मग तेव्हा काऊन नाही थांबलं? मोठे बाबा मरेपर्यंत मला त्याचं उत्तर देता नाही आलं." कागद तिने माझ्या मांडीवर ठेवला. "तुमची नजर पक्की होती. बघा ना, माझं कुठे चुकलं."

मी चष्मा लावला. कागद पाहिला. त्या चार ओळी तिथे होत्या, मी परत घातलेल्या. मी बोट फिरवत खालपर्यंत गेलो. ती वाट बघत होती. आतून मुलगी चहा घेऊन आली.

मी म्हणालो, "बघायला वेळ लागेल. आता डोळे नाही राहिले."

"मग घेऊन जा," ती म्हणाली. "निवांत बघा. सापडलं की सांगायला या."

तो कागद माझ्याकडे आहे. तो पिशवीत घालून मी पहिल्यांदा निघालो ते त्याच वर्षी, धान कापणीच्या दिवसांत. आमगाव आलं आणि पाय उतरले. दुसऱ्यांदा मागच्या वर्षी. त्या वेळी तर मी वाक्यं पाठ केली होती, गाडीत मनातल्या मनात म्हणत होतो, आणि आमगावला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईला वाट द्यायला म्हणून उठलो तो खालीच उतरलो.

यंदा पोळ्याच्या आधी तिच्या मुलीचा फोन आला. आई गेली. आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. माझा नंबर तिने आईच्या वहीतून घेतला होता. शेवटी म्हणाली, "आई विचारत होती, सरांचं काही आलं का?"

मी "हो, हो" असं काहीतरी म्हणालो आणि फोन ठेवला. मुलीलाही सांगितलं नाही.

म्हणून इथे लिहितो. गाडीत पाठ केली होती तीच वाक्यं आहेत, त्यात काही बदललेलं नाही.

तू सुटीवर होतीस तेव्हा 'लिही'मधल्या चार ओळी मी काढल्या. तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो, आणि तू दुपारी खोलीवर गेलीस तेव्हा त्या परत घातल्या. या कागदात तुझी चूक नाही, कधीच नव्हती. मोठ्या बाबांसमोर उठून हे मी बोलायला हवं होतं. मला माफ कर.